दरफलकाच्या बाजूने

मागच्या हिवाळ्यात एका मित्राच्या आग्रहाखातर पुण्याबाहेरच्या एका शेतावर गेलो होतो. ‘पैशाविना एक दिवस’ असा तिथे मेळावा होता. आंब्याखाली सतरंज्या, माठात पाणी, पत्रावळींवर पिठलं-भाकरी. कोणी घरच्या वाणाच्या बिया आणल्या होत्या, कोणी जुनी पुस्तकं. एका गृहस्थांनी येईल त्याची मान चोळून द्यायची तयारी दाखवली होती. फाटकाशी नावं लिहून घेणाऱ्या मुलीसमोर मात्र क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला होता आणि त्याखाली लिहिलं होतं, ‘ऐच्छिक सहयोग, किमान ७०० रुपये’. ऐच्छिक आणि किमान हे दोन शब्द एका ओळीत सुखानं नांदताना मी प्रथमच पाहिले. सातशे भरले आणि आत गेलो.

जेवणानंतर हात धुवायला विहिरीमागे गेलो, तर तिथे शेजारच्या वाडीवरच्या तीन बायका पातेली घासत बसल्या होत्या. पलीकडे सगळे गोल करून गाणं म्हणत होते. मी म्हटलं, “तुम्ही नाही बसलात गोलात?” त्यातली एक मान वर न करता म्हणाली, “आमाला चारशे रुपये हाजरी हाय, दादा. गोलात बसून कसं चालंल?”

त्या दिवशीची सगळी भाषणं मी विसरलो असतो. हे वाक्य विसरता येत नाही.

भाषणांतलं म्हणणं तसं नवं नव्हतं. दर दिवाळीला ते व्हॉट्सॲपवर फिरतं, दर दोन वर्षांनी एखाद्या पुस्तकात छापलं जातं. म्हणणं असं: पूर्वी आपल्या गावांत पैसा नव्हता. सुतार नांगर करायचा, कुंभार मडकी द्यायचा, न्हावी डोई करायचा आणि सुगीला शेतकरी सगळ्यांना धान्य द्यायचा. कोणी मोजत नव्हतं, कोणी उपाशी नव्हतं. मग इंग्रज आला, बाजार आला, पैसा आला आणि माणूस माणसाला पारखा झाला. तेव्हा आता खरेदी-विक्री बंद करा. ज्याच्याकडे जास्त आहे त्यानं द्यावं, ज्याला हवं आहे त्यानं घ्यावं, बाकीचं आपोआप होईल. यातलं एकेक वाक्य उचलून बघू या, शेवटच्या ‘आपोआप’सकट.

पूर्वी म्हणजे नेमकं कधी? शिवाजी महाराजांनी सोन्याचा होन पाडला तशी तांब्याची शिवराईही पाडली. होन राजदरबारातल्या देण्याघेण्याला ठीक आहे. तांब्याचं नाणं कशाला लागतं? मीठ-मिरचीला, तेलाला, आठवड्याच्या बाजारातल्या बांगड्यांना. महाराज गेले, पेशवाई आली, पेशवाईही बुडाली आणि इंग्रजी अमदानीतही ती शिवराई लोकांच्या कनवटीला होतीच. जिथे पैसा नव्हताच, तिथल्या माणसांनी दोन शतकं हे तांबं कशासाठी बाळगलं असेल? शोभेला?

आणि देहू? तुकोबांच्या घराण्याकडे गावच्या पेठेची महाजनकी होती, घरात सावकारी होती. परंपरा सांगते, की लोकांकडून येणं असलेल्या खतांतली धाकट्या भावाच्या वाट्याची खतं त्यांनी त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. ही गोष्ट आपण वैराग्याची म्हणून ऐकतो, आणि ती आहेच. पण तिच्यात एक साधी माहितीही दडलेली आहे. सतराव्या शतकातल्या इंद्रायणीकाठच्या एका गावात बुडवता येतील इतकी कर्जाची खतं होती! शिवाय वाटणी मोजून झाली होती, हेही लक्षात घ्या. तुकोबांनी सोडलं ते आपलं. भावाच्या वाट्याचं सोडून देऊन त्यांनी त्यागाचं पुण्य मिळवलं नाही.

राहिली बलुतेदारी. हिच्यावर तर आमच्या मित्रांची सगळी भिस्त. ‘कोणी मोजत नव्हतं’ असं ते म्हणतात तेव्हा मला मोल्सवर्थचा जुना कोश त्यांच्या हातात द्यावासा वाटतो. ‘बलुतेदार’ शब्दाखाली त्यानं सरळ यादी दिली आहे: थोरली कास, मधली कास, धाकटी कास. थोरलीत सुतार, लोहार, महार, मांग. मधलीत कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकटीत भट, मुलाणा, गुरव, कोळी. गावोगाव ही यादी थोडी बदलायची, पण वाट्याला पायऱ्या होत्या. पायऱ्या मोजल्याशिवाय होतात का? बलुतं हे वतन होतं, बापाकडून मुलाकडे जाणारं. त्याचे हिस्से पडत, त्यावरून भाऊबंदकी होई, गोतापुढे तंटे उभे राहत, वतनं गहाण पडत आणि विकलीही जात. पेशवेकालीन कागदांत या भांडणांचा ढीग आहे. ज्या व्यवस्थेत काही विकलं जात नव्हतं असं सांगितलं जातं, तिच्यात राबण्याचा हक्कच विकायला निघत होता.

त्र्यंबक नारायण आत्र्यांचं ‘गाव-गाडा’ हे पुस्तक १९१५ सालचं आहे. हल्ली त्याचं नाव बलुतेदारीच्या गौरवासाठी घेतलं जातं, त्यावरून ते उघडून पाहण्याची तसदी कोणी घेत नसावं. आत्र्यांचा सूर गौरवाचा नाही, वैतागाचा आहे. कुणब्याच्या खळ्यावर किती हात पसरले जातात आणि त्या बदल्यात काम किती हलगर्जीपणानं होतं, याचा पाढाच त्यांनी वाचला आहे. त्यांचं सगळंच मला पटत नाही. ते कुणब्याच्या बाजूनं बघतात, हात पसरणाऱ्याच्या बाजूनं कमी. पण ज्यानं ही व्यवस्था चालू असताना जवळून पाहिली, त्याला ती गोड लागली नव्हती, एवढं तरी नक्की.

मीही थोडीशी पाहिली आहे, तीही देणाऱ्याच्या ओट्यावरून. साल १९७०-७१. गाव माणदेशातलं, मी आठ-नऊ वर्षांचा. ज्वारीची मळणी झालेली. खळ्याच्या मध्ये तिवडा, वावडीवर उभं राहून उफणणारा गडी, खाली पांढरी रास. आजोबा पायलीनं रास मोजायचे. ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन... मोजताना कोणी बोलायचं नाही. घरात जाणारा एक दाणा मापाबाहेर जात नसे.

बाभळीच्या सावलीला न्हाव्याची म्हातारी सकाळपासून बसलेली होती. आम्ही पोरं तिला नानीकाकी म्हणायचो. दुपार टळल्यावर रास पोत्यांत गेली आणि आजोबांनी तिला हाक मारली. आता पायली नव्हती. खळ्यात खाली उरलेलं मातेरं, म्हणजे माती-खड्यांत मिसळलेली ज्वारी, त्यातून दोन सुपं भरून तिच्या पदरात ओतली. ती हळूच म्हणाली, “मालक, वरीसभर समद्या घराच्या डोया झाल्या, दोन जावळं झाली.” आजोबा म्हणाले, “मग देतोय त्ये काय कमी हाय व्हय?” ती गप्प झाली. पदराला गाठ मारली, खळ्याला हात लावून नमस्कार केला आणि गेली.

आजोबा दुष्ट नव्हते. गावात त्यांना दिलदार म्हणत. मला खुपतं ते हेच. वर्षभराच्या कामाची मजुरी देऊन माणूस दिलदार ठरत होता आणि ती घेणारी नमस्कार करून जात होती. घरचं धान्य पायलीनं आणि तिचं सुपानं. ‘कोणी मोजत नव्हतं’ याचा अर्थ मला त्या खळ्यावर कळला. सूप ज्याच्या हातात आहे त्याला न मोजणं छान परवडतं.

आणि नानीकाकीला तरी मोजदाद मागायची सोय कुठे होती? ‘परवडत नाही’ म्हणून ती कुठे जाणार होती? शेजारच्या गावात दुसऱ्या न्हाव्याचं वतन. आपल्या गावात काम सोडलं तर वतन गेलं, घराखालची जागा गेली, उद्या मर्तिकाला कोणी येणार नाही. बलुत्यात काम नाकारण्याचा हक्क धरलेलाच नव्हता. पैशात आणि बलुत्यात फरक आहे तो इथे. पैसा घेऊन माणूस वेशीबाहेर जाऊ शकतो. मातेरं पदरात घेऊन कुठवर जाणार?

थोरल्या कासेतल्या महारांचं तर विचारूच नका. वाटा थोरल्या कासेतला म्हणून मान थोरला, असं कोणाला वाटत असेल तर त्यानं येसकराच्या कामांची यादी वाचावी. रात्रीचा पहारा, सरकारी टपाल, परगावी मर्तिकाचा सांगावा, मेलेलं जनावर ओढणं, आणि संध्याकाळी दारोदार भाकरी मागणं. त्या भाकरीला ‘हक्काची’ म्हणायचं आणि ती घालायची मात्र वरून, हात न लागता. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारं विधेयक आणलं. त्यात मागितलं काय होतं? गावानं आणखी प्रेमानं द्यावं, असं? बलुत्याची रक्कम ठरवा, ती पैशात करा, सरकारनं ती साऱ्याबरोबर वसूल करून वतनदारांना द्यावी, कामं कोणती ते कायद्यात लिहा, आणि ज्याला हे वतन नको त्याला बाहेर पडण्याची वाट द्या. अर्थशास्त्राच्या या पंडितानं, ज्यांच्यावर ही ‘बिनपैशाची’ व्यवस्था लादलेली होती त्यांच्या वतीनं, पैसा मागितला, तोही नेमका आणि लेखी. विधेयक पुढं सरकलं नाही, मागं घ्यावं लागलं. ही वतनं कायद्यानं रद्द झाली १९५८ साली. तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते. दया पवारांनी १९७८ मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिलं, ते काही गावगाड्याच्या आठवणीनं गहिवरून नव्हे.

मेळाव्यातल्या एका ताईंना मी हे बोलून दाखवलं. त्या म्हणाल्या, “तो जातीचा दोष, वाटून खाण्याचा नव्हे. आपण जात काढून टाकून वाटप ठेवू.” वाक्य ऐकायला स्वच्छ आहे. पण दर नाही, पगार नाही, माल खपेल तिकडे जायची मुभा नाही, तर उद्या सकाळी गटार कोण उपसणार हे ठरवायचं कशानं? कोणाला तरी ते सांगावं लागणार. गावगाड्यानं ते जन्मावरून ठरवलं. दर काढला की त्याची जागा हुकूम घेतो, नाहीतर रूढी घेते. जागा रिकामी राहत नाही. मेळाव्यातल्या पातेल्यांच्या बाबतीतही राहिली नाही. फरक एवढाच, की तिथे त्या बायकांना चारशे रुपये मिळाले. संयोजकांनी आपलं तत्त्व स्वतःच मोडलं, हेच त्यांच्या हातून घडलेलं त्या दिवशीचं सगळ्यात न्याय्य काम.

मग घराचा दाखला येतो. तो यायचाच. “घरात कुठे पैसा असतो? आई पोळीचं बिल लावते का?” टाळ्या. आई बिल लावत नाही हे खरं. २०१९ साली केंद्र सरकारनं लोकांच्या वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरच्या बिनमोल कामाला हात लावणाऱ्या बाईची दिवसाची सरासरी निघाली २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. त्यातही शंभरातले २६ पुरुषच मुळात हात लावणारे. पाच तास विरुद्ध दीड तास, बिल नाही, आणि शेवटी जेवायला कोण बसतं ते प्रत्येकानं आपल्या स्वयंपाकघरात जाऊन बघावं. ही आमच्या मित्रांची आदर्श अर्थव्यवस्था! देशभर पसरवण्याआधी ती ज्यांच्या जिवावर चालली आहे त्यांना विचारलंय का?

या घरगुती तत्त्वाचा सरकारनं केलेला विस्तारही आपल्यासमोर आहे. अंगणवाडी सेविकेला पगार मिळत नाही, ‘मानधन’ मिळतं. १९७५ साली योजना सुरू झाली तेव्हापासून ती ‘मानसेवी’ आहे. ती पोरं सांभाळते, वजनं करते, नोंदी ठेवते, निवडणुकीच्या याद्यांनाही तिलाच जुंपतात. पगार मागितला की उत्तर ठरलेलं: ही सेवा आहे. सेवा, त्याग, आपुलकी हे शब्द कानावर पडले, की कोणाची तरी मजुरी बुडणार आहे असं मी धरून चालतो. क्वचितच चुकतो.

आता ते म्हणतील, तुम्ही जुनंच उगाळता. आज चाललेल्या प्रयोगांचं काय? मेंढा-लेखा बघा, पाणी पंचायत बघा, वारी बघा. बघू.

मेंढा-लेखा गडचिरोलीत, धानोरा तालुक्यात. सगळा निर्णय ग्रामसभेत, सर्वांच्या संमतीनं. २०१३ मध्ये गावानं शेतजमीनही ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे केली. मला या गावाबद्दल मनापासून आदर आहे. पण हे गाव कशासाठी झगडलं ते आमचे मित्र सांगत नाहीत. २००९ साली जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तरी वनखातं बांबू नेऊ देईना, कारण खात्याच्या लेखी बांबू म्हणजे लाकूड. अखेर २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. म्हणजे बांबू विकण्याचा परवाना. या आदर्श गावाची सर्वांत गाजलेली लढाई माल बाजारात नेण्याच्या हक्काची होती! वर्षानुवर्षं आदिवासींना ‘तुम्हाला पैसा कशाला, तुम्ही निसर्गाची लेकरं’ असं सांगणाऱ्यांनी त्यांचा बांबू कवडीमोलानं नेला. गावाला ते कळलं. आमच्या मेळाव्याला अजून कळायचं आहे.

पाणी पंचायतीचंही तेच. ७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे पुरंदरच्या नायगावात गेले आणि पाण्याची वाटणी जमिनीवरून नव्हे, घरातल्या माणसांवरून केली. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं पाणी, घराला अडीच एकरांवर नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. महाराष्ट्रात वाटून घेण्याचा याहून धाडसी विचार कोणी केला असेल असं मला वाटत नाही. पण नियम बघा: अर्धा, अडीच, ऊस नाही. योजनेच्या खर्चातला वीस टक्के हिस्सा शेतकऱ्यांनी आधी रोख भरायचा. पाणी सोडायला नेमलेला पाटकरी, त्याला मोबदला. हे सगळं मापानं चाललं, कारण पाण्याच्या पाळीवरून डोकी फुटतात हे साळुंख्यांना ठाऊक होतं. आपुलकीवर सोडलं असतं तर वरच्या अंगाच्या शेतकऱ्यानं ऊस लावला असता आणि खालच्याला आपुलकी मिळाली असती.

आणि वारी! लाखो माणसं चालतात, कोणी उपाशी झोपत नाही, गावोगाव अन्नदान होतं, खरंच आहे. पण कधी दिंडीत चालला आहात का? दिंडीची भिशी भरावी लागते. आळंदीहून निघण्याआधी विणेकऱ्याच्या शेजारी बसलेला हिशेबनीस वहीत नाव लिहितो, पुढं रक्कम लिहितो, आणि मग तुमच्या ताटाची, तंबूतल्या पथारीची, सामानाच्या ट्रकची सोय होते. वीस दिवस काही शे माणसांना दोन वेळ गरम जेवण मिळतं ते या वहीमुळे. माउलींच्या नावानं चालणाऱ्यांना हिशेबाची लाज वाटत नाही. ती वाटते ती फक्त मेळाव्याला गाडीनं येणाऱ्यांना.

सावडीचंही नाव घेतलं जातं. एका बैलाच्या शेतकऱ्यानं दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करावी, दोघांची नांगरट व्हावी. चांगलीच रीत. पण ज्या विधवेकडे एकही बैल नाही, तिची सावड कोण करतो? तिला नांगर भाड्यानं घ्यावा लागतो, आणि भाड्याला पैसा लागतो. पैसा असेल तर मात्र तिला कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही.

“निदान कल्पना तरी करू द्या,” हा शेवटचा बचाव. करा ना. पण कल्पना करणारे तुम्ही पहिले नाहीत, आणि आधीच्यांचं काय झालं हे विचारणं म्हणजे स्वप्नावर पाणी ओतणं नव्हे. आपल्या पवनारला विनोबांनी १९५० च्या सुमारास कांचनमुक्तीचा प्रयोग केला: आश्रमात पैसा वापरायचा नाही, स्वतः खोदून, स्वतः पिकवून खायचं. त्यांच्या कष्टांपुढे मान लववलीच पाहिजे, पण आश्रमातल्या मूठभर ब्रह्मचाऱ्यांचं गणित पोराबाळांच्या गावाला लागू होतं का? पुढच्याच वर्षी भूदान आलं. पाच कोटी एकर मागितली, चाळीस लाखांच्या आसपास मिळाली, आणि त्यातली कितीतरी खडकाळ, तंट्यातली किंवा कधीच कोणाच्या ताब्यात न गेलेली. देणाऱ्यानं काय द्यायचं हे देणाऱ्यानंच ठरवलं की मातेरंच मिळतं. इस्राएलमधला पहिला किबुत्झ, देगानिया, १९१० साली निघाला. सगळं सामाईक, काम पाहून पगार नाही. माणसं निष्ठावान, कष्टाळू, स्वखुशीनं आलेली. याहून चांगली माणसं कुठून आणणार? २००७ मध्ये त्याच देगानियानं मतदान घेऊन ज्याच्या-त्याच्या कामाचा वेगळा पगार सुरू केला. कंबोडियाचं नाव घेतलं की आमचे मित्र दुखावतात, म्हणून एकदाच घेतो. १९७५ ला सत्तेवर आलेल्यांनी नाणी-नोटा रद्द केल्या, राष्ट्रीय बँकेची इमारत उडवली, स्वयंपाक सामाईक केला. चार वर्षांत देशातला दर चार-पाच माणसांतला एक मेला. तुम्ही तसे नाही, हे मला मान्य आहे. पण सामाईक भातातला कोणाला किती, हे तिथे ज्याच्या हाती पळी होती तो ठरवत होता. ती पळी तुमच्याकडे कोणाच्या हाती असेल, एवढंच मी विचारतोय, आणि मेळाव्यातल्या कोणत्याच भाषणात त्याचं उत्तर आलं नाही.

“म्हणजे तुम्ही बाजाराचे वकील!” हेही ऐकून झालं. नाही. रक्त विकत घेऊ नये, हे मला पटतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर तो धंदा आपल्याकडे बेकायदा ठरला, ते उत्तमच झालं. शाळा, दवाखाना, नळाचं पाणी खिसा बघून मिळू नये, हेही पटतं, आणि त्यासाठी कर गोळा करावा लागतो. तोही रुपयांत, मोजून. पैशानं जात पुसली गेली असंही मी म्हणत नाही. मुंबईच्या गिरण्यांत रोख पगार होता, तरी महार कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. पण त्या गिरणीत अन्यायाला आकडा होता. विणकऱ्याला किती, इतर खात्यांतल्याला किती, हे दाखवता येत होतं, आणि म्हणून त्यावर बोट ठेवून संपाच्या काळात भांडता आलं. नानीकाकीच्या दोन सुपांवर कोणत्या मंचावर भांडणार होतात?

माझं म्हणणं मला सौम्य करायचं नाही. ज्यांना पैशाचा कंटाळा आलाय, त्यांच्याकडे तो पुरेसा आहे. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी पैसा नसलेलं जग पिढ्यान्‌पिढ्या भोगलंय आणि पहिली संधी मिळताच तिथून पळ काढलाय, मुंबईच्या चाळींत, रेल्वेत, पलटणीत. त्यांना कोणी बाजारानं फितवलं नाही. ठरलेली मजुरी, ठरलेल्या तारखेला, ज्याच्या पाया पडावं लागत नाही अशा माणसाकडून मिळते, एवढ्यासाठी ते गेले. वाटून खाण्याची तुम्हाला खरंच ओढ असेल तर आधी वाटा ठरवा, माप लिहून भिंतीवर लावा आणि ज्याला पटत नाही त्याला जाऊ द्या. एवढं केलंत, की तुमच्या लक्षात येईल की तुम्ही पैसा पुन्हा शोधून काढला आहे, फक्त त्याला नाव द्यायला लाजता आहात.

परवा गावी गेलो होतो. एसटी स्टँडसमोर नानीकाकीच्या नातवाचं सलून आहे. काचेचं दार, फिरती खुर्ची, आणि भिंतीवर लाल अक्षरांत दरफलक: कटिंग ८०, दाढी ५०, लहान मुले ६०. खुर्चीत दलित वस्तीवरचा एक कॉलेजातला पोरगा बसला होता. माझ्या लहानपणी त्याच्या आजोबांच्या डोक्याला या घरानं कात्री लावली नसती. आजही सगळ्या गावांत सलूनचं दार सगळ्यांना उघडत नाही, हे मला माहीत आहे. पण दरफलक लावून बसलेल्याला नाही म्हणायचं तर कायद्याला तोंड द्यावं लागतं. बलुतेदाराला हो म्हणायचं तर सगळ्या गावाला तोंड द्यावं लागत होतं.

तेवढ्यात माझा चुलतभाऊ आत आला. आमच्या घराण्यात अजून पाटीलकीचा ताठा त्याच्याकडेच जास्त आहे. उभ्या-उभ्याच म्हणाला, “उरक रं लवकर, लग्नाला जायचंय.”

“बसा की पाटील,” नातू कंगवा झटकत म्हणाला, “तुमच्या आधी दोन नंबर हायेत.”

भावानं इकडे-तिकडे पाहिलं, बाकावरचा कालचा पेपर उचलला आणि बसला. दरफलकाच्या खाली आणखी एक ओळ होती, ती मी तेव्हा वाचली. ‘उधारी बंद आहे.’